थंडी नळापर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी ड्राफ्ट बिअरची सोय कशी करावी, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. जुन्या फ्रिजचा केगरेटर, म्हणजे पिंपातली बिअर गार ठेवून नळाने देणारा फ्रिज, कसा करायचा, आत पिंप आणि गॅसचा सिलिंडर कसा बसवायचा, रेग्युलेटर कसा जोडायचा, हे त्यात नीट सांगितलं होतं. फ्रिजच्या डोक्यावर उभा राहणारा, बिअरचा नळ धरणारा टॉवर आला आणि लेख तिथे घसरला. टॉवर ओट्याला शोभेल असा घ्या, चकाकी पाहून घ्या, आणि फेस जास्त यायला लागला तर गॅसचं प्रेशर कमी करा, एवढ्यावर लेखकाने विषय मिटवला. मी शीतकरण यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करते. याच दोन सल्ल्यांपायी लोकांची चांगली बिअर मोरीत ओतली जाताना मी बघत आले आहे. म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे.

आधी प्रेशरचं बोलते. बिअरमध्ये मुरलेला कार्बन डायऑक्साइड तिथे टिकतो तो थंडी आणि दाब या दोघांच्या जिवावर. वायू द्रवात किती विरघळेल हे त्याच्या दाबावर ठरतं, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. तापमान वाढलं की तोच द्रव पूर्वीइतका वायू धरून ठेवू शकत नाही. ४ अंश सेल्सिअसला पाणी जेवढा कार्बन डायऑक्साइड धरतं, त्यापेक्षा २० अंशांना सुमारे ४० टक्के कमी धरतं. लागर किंवा पेल एल अशी नेहमीची बिअर ३-४ अंशांत ठेवून साधारण ११-१२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, रेग्युलेटरवरचं दाबाचं माप) दाब लावला की तोल साधतो. गॅस आणखी आत शिरत नाही आणि बाहेरही पडत नाही. लेखातला सल्ला ऐकून कुणी हा दाब ६ वर आणला, तर पिंपातल्या बिअरमधूनच गॅस सुटायला लागतो. पारदर्शक नळीत मधेमधे गॅसचे तुकडे दिसतात, ग्लासातला फेस काही हटत नाही, आणि काही दिवसांत अख्खं पिंप मिळमिळीत होतं. फेसाचा बंदोबस्त झालेला नसतोच, वर बिअर गेलेली असते.

दोष कुठे आहे हे ओळखायला रेग्युलेटरला हात लावायची गरज नाही. नळ दोन-तीन तास बंद राहू द्या, मग सलग दोन ग्लास भरा. पहिला अर्ध्याहून जास्त फेसाने भरला आणि लगेच भरलेला दुसरा व्यवस्थित आला, तर दोष टॉवरचा. दोन्ही सारखेच फेसाळले तर प्रेशर, नळीची लांबी, नाहीतर अस्वच्छ नळी यांच्याकडे वळा. मला ज्यांचे फोन येतात त्यांतल्या बहुतेकांचा पहिलाच ग्लास बिघडलेला असतो, आणि तरी त्यांनी रेग्युलेटरची किल्ली फिरवून फिरवून ढिली केलेली असते.

पहिलाच ग्लास का बिघडतो? टॉवर फ्रिजच्या बाहेर असतो म्हणून. आतल्या नळीचं पोट बहुधा ४.८ मिलिमीटरचं. तिच्या ३० सेंटिमीटर लांबीत किती बिअर मावते याचा हिशेब केला तर जेमतेम ५-६ मिलिलिटर भरते. चमचाभर गरम बिअरने एवढा ग्लास बिघडावा, हे कुणाला पटत नाही. पण त्या चमचाभराच्या पुढे शँक असतो, म्हणजे नळीला नळाशी जोडणारा आटे असलेला धातूचा तुकडा, आणि शँकच्या पुढे अख्खा नळ. दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेले. खालून येणारी गार बिअर या गरम धातूला घासून जाते तेव्हा तिच्यातला गॅस सुटतो, सुटलेला प्रत्येक बुडबुडा शेजारच्या गॅसला बाहेर पडायला वाट करून देतो, आणि हे धातू गार होईपर्यंत चालू राहतं. दुसऱ्या ग्लासाच्या वेळी धातू गार झालेला असतो, एवढाच काय तो फरक.

मी शँकच्या पाठीला तापमापकाची तार चिकटपट्टीने चिकटवून मोजते. एका घरी पिंपाशी ४ अंश होते आणि शँकपाशी १८. टॉवर दिसायला देखणा, आरशासारखा, आतून फोमची नळकांडी बसवलेली. मालकांचं म्हणणं, फोम आहे की आत! फोम आहे हे खरं, पण दुलई पांघरल्याने कुणी गार होत नाही. फोम थंडी राखतो, निर्माण करत नाही. टॉवरच्या आत थंड हवा खेळलीच नाही, तर फोम कितीही जाड असो, दोन-तीन तासांत आतलं सगळं खोलीच्या तापमानाजवळ येऊन बसतं.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. टॉवर विकत घेताना किंवा बनवताना पहिला प्रश्न हा विचारा, की फ्रिजमधली थंडी या नळाच्या पाठीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार आहे? विकणाऱ्याला याचं उत्तर देता आलं नाही, तर टॉवर उलटा करून बुडातून स्वतः डोकावून पाहा. आत पोकळ जागा दिसली पाहिजे. नळ्या आत गेल्यावरही बोटभर जाडीचा पाइप वरपर्यंत सरकवता आला पाहिजे. काही टॉवर आतून पूर्ण फोम ओतून बंद केलेले असतात. ग्लायकॉल हे न गोठणारं द्रव्य मिसळलेलं थंड पाणी फिरवण्याची सोय असलेल्या मोठ्या बारमध्ये ते शोभतात, कारण तिथे त्या फोमच्या आतूनच थंड नळ्या गेलेल्या असतात. घरी तो टॉवर घेतलात तर त्यात हवा सोडायला जागाच नाही. तो मी कुणालाही घेऊ देत नाही.

हवा वर नेण्याचं काम अगदी साधं आहे. १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर घ्यायचा, गोगलगायीच्या शंखासारखा गोल असतो तो. संगणकाचा पात्यांचा सपाट पंखा इथे चालत नाही. मोकळ्या जागेत तो भरपूर हवा देतो, पण अरुंद पाइपात हवा ढकलायला लागणारा जोर त्याच्यात नसतो. ब्लोअर फ्रिजच्या आत, शक्यतो तळाजवळ ठेवायचा, कारण थंड हवा खाली बसते. त्याच्या तोंडाला २० ते २५ मिलिमीटरची लवचीक नळी बसवून ती टॉवरमधून थेट शँकच्या पाठीशी नेऊन सोडायची. वर गेलेली हवा नळीभोवतीच्या मोकळ्या जागेतून आपोआप फ्रिजमध्ये परतते. नळीचं टोक अर्ध्यावरच सोडलं तर हवा अर्ध्यावरूनच माघारी फिरते आणि शँक तसाच गरम राहतो, हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जोडण्यांत मला तेच सापडतं. वर उल्लेख केलेल्या घरी असा ब्लोअर लावल्यावर शँकपाशी ६ ते ७ अंश दिसायला लागले आणि पहिला ग्लास ताळ्यावर आला. वीज दोन-तीन वॉट. शिवाय फ्रिजच्या तळाचं आणि माथ्याचं तापमान सारखं राहायला मदत होते, हा वरचा फायदा.

पंखा नको असेल तर तांब्याचा पाइप हा दुसरा मार्ग. बिअरच्या नळीवरून तांब्याचा जाड पाइप चढवायचा, त्याचं वरचं टोक शँकला टेकवायचं आणि खालचं टोक फ्रिजमध्ये चांगलं लांब उतरवायचं. तांबं उष्णता झपाट्याने वाहून नेतं. त्याची वाहकता ४०० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, पितळेची ११०-१२०, आणि ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५-१६. पाइपाने सुधारणा होते, पण ब्लोअरइतकी नाही. हे तांबं नळीच्या बाहेरूनच असावं. आंबट, गॅस मुरलेल्या बिअरचा आणि तांब्याचा थेट संबंध येता कामा नये.

धातूचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करते, कारण टॉवर निवडताना माझ्या लेखी दुसरा क्रमांक याचाच. टॉवरचा बाहेरचा खांब कशाचा आहे याने बिअरला काही फरक पडत नाही; तो पितळी असो, लोखंडी असो, चिनीमातीचा असो. बिअर ज्याला लागते ते तीन तुकडे: नळीत शिरणारं निप्पल, शँक आणि नळ. स्वस्त टॉवरमध्ये हे तिन्ही पितळेचे असतात आणि वर क्रोमचा पातळ मुलामा. बिअरचा सामू ४ ते ४.५ च्या घरात, म्हणजे ती चांगलीच आम्लधर्मी, आणि नळी धुण्याची रसायनं त्याहून कडक. मुलामा आतल्या बाजूने आधी जातो, जिथे नजर पोहोचत नाही. मग बिअरला धातूची चव येते, आणि मशीनवर सोपं कापलं जावं म्हणून पितळेत शिसंही मिसळलेलं असतं हे लक्षात घ्यावं. जुना नळ खोलून त्याच्या पोटात टॉर्च मारून बघा. चंदेरी रंगात मधेमधे पिवळे चट्टे दिसले तर नळ बदलायची वेळ झाली.

३०४ स्टेनलेस स्टीलचे तुकडे महाग पडतात, तरी तेच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. खांब साधा घ्या, नळांची संख्या एकाने कमी करा, पण शँक आणि नळ स्टेनलेसचाच हवा. विकणारे ‘स्टेनलेस टॉवर’ म्हणून सांगतात तेव्हा बऱ्याचदा फक्त खांब स्टेनलेसचा असतो, म्हणून शँक आणि नळ यांचं वेगळं विचारा. वर दिलेल्या वाहकतेच्या आकड्यांवरून चाणाक्ष वाचक म्हणतील, स्टेनलेसमधून थंडी नळाकडे जाणार कशी? पितळेपेक्षा कमीच जाते. म्हणून स्टेनलेस शँक असेल तर ब्लोअरची नळी शँकच्या अगदी पाठीला भिडवणं जास्त गरजेचं.

नळात दोन जाती असतात. जुन्या पद्धतीच्या नळात बिअर अडवणारी झडप पाठीमागे असते, म्हणून नळ बंद केल्यावर पुढच्या पोकळीत ओली बिअर हवेत उघडी राहते. ती सुकते, चिकट होते, नळ उघडायचा खटका अडकायला लागतो, आणि आत बुरशी धरते. पर्लिक, इंटरटॅप अशा नावांनी मिळणाऱ्या नळांत झडप पुढे, तोंडाजवळ असते; मागची जागा कायम बिअरने भरलेली राहते आणि तिथे हवा शिरत नाही. घरी नळ रोज चालत नाही, कधी चार-चार दिवस बंद राहतो, म्हणून घरासाठी मी पुढे झडप असलेलाच नळ सुचवते. त्यातच प्रवाह कमी-जास्त करायची बाजूची तरफ असलेले नळही येतात. वेगवेगळ्या बिअर ठेवणाऱ्यांना ते सोयीचे.

आता स्वतः टॉवर बनवणाऱ्यांसाठी. हा छंद उत्तम आहे आणि मी त्याला मनापासून प्रोत्साहन देते. लोखंडी पाण्याच्या पाइपांचे टॉवर बनवायची सध्या आवड दिसते. दिसायला झकास, पण त्यांच्या आतून नळी स्वतंत्र गेली पाहिजे आणि बिअर त्या पाइपाला कुठेही लागता कामा नये. विशेषतः जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाला; आंबट पेयात जस्त विरघळतं आणि त्याने पोट बिघडतं. मला विचाराल तर लाकडी पेटीचा टॉवर सगळ्यात चांगला. त्यात आतून सगळ्या बाजूंनी २५ मिलिमीटरचा फोम बसवूनही हवेला ऐसपैस जागा उरते, तीन-चार नळ दाटीवाटी न करता बसतात, आणि धातूच्या खांबासारखा त्याला बाहेरून घाम येत नाही. आतल्या लाकडाला मात्र ओल न शोषणारा लेप दोनदा द्यावा, कारण आत दमटपणा राहतोच. लाकडाच्या जाडीतून आरपार जायला शँक लांब घ्यावा लागतो. शँकची बाहेरची जाडी पाऊण इंचाहून थोडी जास्त, ७/८ इंच असते, त्या मापानेच भोक पाडावं. गोल खांबाला भोक पाडत असाल तर शँकच्या मागेपुढे खांबाच्या गोलाईला बसणाऱ्या वक्र चकत्या लागतात, नाहीतर नट कितीही आवळला तरी नळ डुलत राहतो.

उंची ठरवताना टेपने मोजत बसण्यापेक्षा तुमचा सगळ्यात उंच ग्लास घ्या आणि नळाखाली तिरका धरून पाहा. ग्लास ४५ अंशांत तिरका धरता आला पाहिजे आणि नळाचं तोंड बिअरमध्ये बुडता कामा नये. त्यापेक्षा उंच टॉवरचा उपयोग काही नाही, गार करायची जागा तेवढी वाढते.

फ्रिजला भोक पाडण्याबद्दल लेखात एक ओळ होती: ‘वरच्या बाजूला भोक पाडून घ्यावे’. संपादक महोदय, ही ओळ वाचून मी अस्वस्थ झाले. अनेक फ्रिजच्या भिंतींत आणि काहींच्या माथ्यातही फ्रिज गार करणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या पत्र्याला चिकटवून आतून फिरवलेल्या असतात. एकीला ड्रिलचं टोक लागलं की फ्रिज कायमचा गेला. आणि आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. ठिणगी उडवणाऱ्या ड्रिलने त्याची नळी फोडणं हा खेळ नव्हे. आधी त्या मॉडेलची माहिती मिळवा. त्यानंतर एक साधी चाचणी करता येते. फ्रिज बंद करून थंडपणा जाऊ द्या. कॉर्नफ्लॉवर स्पिरिटमध्ये कालवून पातळ खीर करा आणि ती ब्रशने माथ्यावर सारखी पसरून फ्रिज चालू करा. जवळपास जाळ किंवा ठिणगी नको. गरम नळी जिथून जाते तिथला लेप आधी सुकतो आणि पांढरी रेघ उमटते. रेघांपासून चांगलं लांब, वायर काढून ठेवून, आधी फक्त बाहेरचा पत्रा कापायचा. आतला फोम ड्रिलने न कापता हाताने, लाकडी पट्टीने उकरून काढायचा आणि डोळ्यांनी बघून मगच आतलं प्लॅस्टिक कापायचं. शंका आली तर थांबा आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. झोपवून ठेवायच्या डीप फ्रीझरच्या भिंतींना तर हातच लावू नये. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून नळ त्या चौकटीत घ्यावेत.

भोक टॉवरच्या पोकळीएवढं मोठं असावं. नळ्या जेमतेम जातील एवढंच पाडलं तर हवा वर जाते पण परतायला वाट राहत नाही. भोकाच्या कडेला पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवून सिलिकॉनने बंद करा, म्हणजे दमट हवा फोममध्ये शिरणार नाही. टॉवरच्या बुडाखाली गॅस्केट हवाच. ती फट राहिली तर बाहेरची ओल आत जाऊन थंड भागावर बर्फ चढत राहतो. फ्रिजच्या माथ्याचा पत्रा पातळ असतो आणि खटका ओढताना टॉवरला रोज हिसका बसतो, म्हणून खाली १८ मिलिमीटरचा प्लायवुड टाकून बोल्ट आरपार घ्यावेत.

नळीच्या लांबीबद्दल थोडक्यात. तयार संचात बऱ्याचदा दीड मीटरची नळी येते आणि ११-१२ पीएसआयला ती अपुरी पडते. ४.८ मिलिमीटरच्या नळीची ३ मीटर लांबी घ्या, जास्तीची पिंपावर गोल गुंडाळून ठेवा, आणि प्रवाह फारच मंद वाटला तर थोडी थोडी कापा. दोन नळ असतील तर दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या ठेवा.

आणि धुणं. ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकेतल्या बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेची शिफारस आहे की दर १४ दिवसांनी नळी दोन टक्क्यांच्या आसपासच्या कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, द्रावणाने धुवावी, त्याच वेळी नळ सुटा करून घासावा, आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुऊन आत साचलेला क्षार, ज्याला बिअरस्टोन म्हणतात, तो काढावा. कॉस्टिक डोळ्याला किंवा कातडीला लागलं तर गंभीर इजा करतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावं. कॉस्टिक आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, आणि शेवटी भरपूर साध्या पाण्याने नळी विसळावी. टॉवर निवडतानाच बघा की नळ पान्याने बाहेरून सुटतो का आणि वरचं टोपण निघतं का. टोपण घट्ट बसवून टाकलेल्या टॉवरमध्ये ब्लोअरची नळी घसरली तरी ती परत बसवायला अख्खा टॉवर उपटावा लागतो.

आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असेल तर भोक पाडण्याची कृती आणि ब्लोअरच्या जोडणीची आकृती त्यात नक्की छापावी. आकृती काढून द्यायची माझी तयारी आहे. आणि प्रेशर कमी करण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्या भागाची वाट न पाहता याच आठवड्यात छापावी, कारण तो लेख वाचून कुणीतरी आत्ताच रेग्युलेटर फिरवत असेल.

आपली,
शीतकरण यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक